मननाचे पुस्तक निवडण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न मी प्रथम थोडक्यात मांडतो, म्हणजे मी नेमके कशाचे उत्तर देत आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नवापूर तालुक्यातील, घरी मावची बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबातील आहात, शहाद्याला खोली घेऊन राहता आणि आश्रमशाळेत शिकवता. रोज पहाटे मोबाइलवर येणारे मनन तुम्ही नियमाने वाचता. वाचताना बरे वाटते, पण दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यातले काहीच आठवत नाही. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याची योजनाही तुम्ही हाती घेतली होती आणि ती लेवीयच्या पुस्तकात येऊन थांबली. आई फारशी शिकलेली नसूनही तिचा विश्वास तुमच्यापेक्षा खोल वाटतो, ही गोष्ट तुमच्या मनाला लागून राहिली आहे. विश्वासात वाढ व्हावी म्हणून मननाचे चांगले पुस्तक कोणते घ्यावे, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील मंडळ्यांमध्ये मी बरीच वर्षे बायबल अभ्यासाचे वर्ग घेत आलो आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्यासमोर पुन्हा पुन्हा आला आहे. तुमची अडचण पुस्तकाची आहे असे मला वाटत नाही. तुम्ही रोज जे वाचता ते शास्त्रातील, म्हणजे बायबलमधील, एखाद्या वचनावर दुसऱ्या कोणीतरी केलेले मनन असते. त्या लेखकाने तो उतारा वाचला, तो न समजल्यामुळे त्यावर विचार केला, त्याविषयी प्रार्थना केली आणि मग हाती आलेले सार तुमच्यापर्यंत पोहोचवले. ते सार वाचायला दोन मिनिटे लागतात आणि ते पटतेही. परंतु ज्या श्रमातून ते निघाले ते श्रम तुम्ही केलेले नसतात, म्हणून ते तुमच्याजवळ टिकत नाही. माझे म्हणणे असे आहे की शास्त्रातील एकच लहान पुस्तक घ्यावे, त्यात काही महिने राहावे, ते पुस्तक तुम्हांला जे विचारते त्याला प्रार्थनेत उत्तर द्यावे आणि मननाची पुस्तिका त्यानंतर, सोबतीला म्हणून उघडावी.

यातील बरेच काही ज्याच्या त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. भुसावळच्या रेल्वेत इंजिनावर ड्युटी करणाऱ्या माणसाला पहाटे पाचचा नियम सांगण्यात अर्थ नाही, कारण त्याची झोपेची वेळच रोज बदलते. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या कुटुंबाला वही घेऊन दिव्याजवळ बसा असे सांगता येत नाही. त्यांना मी निघण्यापूर्वी एखादे स्तोत्र तोंडपाठ करून घेण्यास सांगतो. १२१ वे स्तोत्र त्यासाठी फार उपयोगी पडते, कारण त्यात आठच वचने आहेत, ते यात्रेला निघालेल्या लोकांचे गीत आहे आणि परमेश्वर तुझे जाणेयेणे राखील या आश्वासनावर ते संपते. तुम्ही कॅथोलिक असता, तर मिस्साच्या, म्हणजे तेथील उपासनेच्या, वाचनांचा क्रम तुम्हांला आयता मिळाला असता आणि मी तोच धरून चालायला सांगितले असते. तुमच्या बाबतीत पहाटेचा अर्धा तास तुमच्या हातात आहे, वाचण्या-लिहिण्याची सवय आहे आणि शनिवार-रविवार गावी आईजवळ जाता येते. पुढील सर्व सूचना हे लक्षात घेऊनच करीत आहे.

सुटे वचन मनात का टिकत नाही, याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातील २९ व्या अध्यायाचे ११ वे वचन आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक ख्रिस्ती घरात भिंतीवर दिसते, नववर्षाच्या उपासनेत निघणाऱ्या चिठ्ठ्यांमध्ये ते असते आणि व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासह ते येत राहते. तुमच्याविषयी माझ्या मनातले संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असा त्याचा आशय आहे. आता तो सबंध अध्याय उघडून पाहा. यरुशलेमेहून बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, पकडून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले ते पत्र आहे. आधीच्या अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सर्व काही पूर्ववत होईल असे लोकांना सांगितलेले आहे. यिर्मया त्याच्या उलट सांगतो की तेथे घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, कारण परत येण्यास सत्तर वर्षे लागतील. सत्तर वर्षांचा उल्लेख १० व्या वचनात आहे आणि त्याच्या लगेच पुढे ते सुप्रसिद्ध वचन येते. म्हणजे ज्यांनी ते पत्र प्रथम ऐकले त्यांच्यापैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता, तरीही देवाचे संकल्प हिताचे आहेत असे त्यांना सांगितले गेले.

गावाजवळ बदली व्हावी म्हणून अर्ज करून वाट पाहणाऱ्या माणसाने ते ११ वे वचन एकटेच वाचले, तर यंदा बदली होईल अशी आशा त्याला मिळते आणि यादीत नाव आले नाही की तीच आशा त्याला विश्वासाविषयी शंकेत टाकते. त्याने सबंध पत्र वाचले, तर आज आपण ज्या गावात आहोत त्या गावासाठी आपण कधी प्रार्थना केली आहे का, असा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. हा दुसरा प्रश्न दुपारीही आठवतो, कारण त्याला त्या दिवशी काहीतरी करून उत्तर द्यावे लागते. बायबलमधील पुस्तके सुट्या वचनांसाठी लिहिलेलीच नाहीत, हेही येथे ध्यानात घ्यावे. अध्यायांची आजची विभागणी १३ व्या शतकातील स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाते, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली छापलेल्या आवृत्तीत मिळाले. ते आकडे जागा शोधण्यासाठी अत्यंत सोयीचे आहेत. पण पत्रे लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने किंवा यिर्मयाने आपले म्हणणे त्या तुकड्यांत मांडलेले नाही.

वार्षिक योजनेविषयी थोडक्यात सांगतो. आपल्या बायबलमध्ये ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे वर्षात ते पूर्ण करायचे तर रोज सव्वातीन अध्याय वाचावे लागतात. उत्पत्तीचे ५० अध्याय कथेच्या ओघात जातात, निर्गमचा पूर्वार्धही तसाच जातो, पण २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या उपासनेच्या तंबूची, मापे सुरू होतात आणि जानेवारीच्या अखेरीस लेवीय समोर येते. तेथे थांबणारे लोक आळशी नसतात. होमार्पण, दोषार्पण ही लेवीयमधील अर्पणे कशासाठी हे सांगणारे कोणी सोबत नसताना, त्याच वेगाने पुढे जाण्याची अपेक्षा त्यांच्याकडून केलेली असते. स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ साली आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा जो क्रम तयार केला तो आजही जगभर वापरला जातो, परंतु त्यांनी स्वतःच त्यासोबत धोकेही लिहून ठेवले होते: वाचन नुसता उपचार होईल, वाचल्याचेच समाधान वाटू लागेल, निष्काळजीपणाने वाचले जाईल आणि काहींना ते न पेलणारे ओझे होईल. ज्यांनी बायबल पूर्वी वाचलेले आहे त्यांना अशी योजना मोठी मदत करते. तुम्हांला मी ती सध्या बाजूला ठेवायला सांगतो.

लेवीय मात्र कायमचे सोडू नका. त्याकडे जाण्याची सोपी वाट रूथच्या पुस्तकातून जाते. रूथ चार अध्यायांचे आहे आणि त्यात कापणीच्या वेळी शेतात सरवा वेचणारी परक्या देशातील विधवा आहे. आपल्या भागात सरवा म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बवाज नावाच्या माणसाच्या शेतात तिला तो वेचता आला याचे कारण लेवीयच्या १९ व्या अध्यायात आहे: शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, गळून पडलेले वेचू नका, ते गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी राहू द्या. आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, ही आज्ञाही त्याच अध्यायात आहे. रूथ वाचून मग लेवीयचा १९ वा अध्याय उघडणाऱ्या व्यक्तीला नियमशास्त्रामागे कोणाची काळजी आहे हे दिसते, आणि पुढचे वाचन त्या जाणिवेने होते.

सुरुवात मात्र मी मार्ककृत शुभवर्तमानापासून, म्हणजे मार्कने लिहिलेल्या येशूच्या जीवनकथेपासून, करण्यास सांगेन. ते चारही शुभवर्तमानांत सर्वांत लहान, १६ अध्यायांचे आहे; त्यात लांब प्रवचने कमी आणि घडलेल्या गोष्टी अधिक आहेत, आणि रोज एक प्रसंग घेतला तर तीन-चार महिने पुरतात. एकाच पुस्तकात राहिल्याने काय मिळते ते पाहण्यासाठी ८ व्या अध्यायाच्या मध्यापासून १० व्या अध्यायाच्या शेवटापर्यंतचा भाग घेऊ. बेथसैदा येथे येशू एका आंधळ्याला बरे करतो आणि ते दोन टप्प्यांत होते. पहिल्या स्पर्शानंतर त्याला माणसे दिसतात, पण ती चालणाऱ्या झाडांसारखी दिसतात. १० व्या अध्यायाच्या शेवटी यरीहोजवळ बार्तिमय या आंधळ्याला दृष्टी मिळते. या दोन आंधळ्यांच्या मधल्या भागात येशू आपल्या दुःखसहनाविषयी आणि मरणाविषयी तीन वेळा उघडपणे सांगतो, आणि तिन्ही वेळा शिष्यांना ते समजत नाही. पहिल्या वेळी पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो, दुसऱ्या वेळी आपल्यात मोठा कोण याविषयी वाटेत शिष्यांची चर्चा चाललेली असते, आणि तिसऱ्या वेळी याकोब व योहान गौरवाच्या राज्यात उजवीकडची व डावीकडची जागा मागतात. बेथसैदाच्या त्या माणसाप्रमाणे शिष्यांनाही अजून अर्धवटच दिसत आहे, हे मार्क कोठेही शब्दांत सांगत नाही. प्रसंगांच्या क्रमातून तो ते आपल्याला पाहू देतो. सोमवारी एका पुस्तकातले वचन आणि मंगळवारी दुसऱ्या पुस्तकातले, अशा वाचनात हा क्रम कधीच दिसणार नाही.

त्याच १० व्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे आणि मी ती प्रत्येक वर्गात वाचून घेतो. याकोब व योहान येशूजवळ येतात तेव्हा तो त्यांना विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे? काही वचनांनंतर बार्तिमय हाक मारतो तेव्हा येशू त्यालाही जवळजवळ त्याच शब्दांत विचारतो. एकाच प्रश्नाला दोन भावांनी मानाच्या जागा मागितल्या आणि भीक मागणाऱ्याने दृष्टी मागितली. आमच्या वर्गातील एका भगिनीला मी या प्रश्नाचे तिचे स्वतःचे उत्तर वहीत प्रामाणिकपणे लिहायला सांगितले होते. सासरच्या माणसांनी आपल्याला मान द्यावा, असे तिने लिहिले आणि बराच वेळ त्या ओळीकडे पाहून ती म्हणाली की मी आंधळ्याच्या बाजूला नाही, त्या दोघा भावांच्या बाजूला बसले आहे. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिची मागणी चुकीची होती असेही मी म्हणणार नाही, कारण मान मिळण्याची तिची गरज खरी होती. पण त्या दिवसानंतर तिची प्रार्थना बदलली, हे तिने नंतर वर्गात साक्ष देताना सांगितले. मनन याला म्हणावे असे मला वाटते: उतारा आपल्याला प्रश्न विचारतो आणि आपण त्याला खरे उत्तर देतो.

आता सकाळच्या अर्ध्या तासाविषयी. आधी मोबाइल दुसऱ्या खोलीत किंवा निदान हाताच्या अंतरापलीकडे ठेवा आणि छापील पवित्र शास्त्र घ्या. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची जी आवृत्ती तुमच्या मंडळीत उपासनेच्या वेळी वाचली जाते तीच घ्या, म्हणजे रविवारी कानावर पडणारे शब्द आणि पहाटे डोळ्यांसमोरचे शब्द एकमेकांना आधार देतील. लहानशी प्रार्थना करून तो प्रसंग मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचण्याचा मी आग्रह धरतो, कारण मनात वाचताना नजर ओळखीच्या शब्दांवरून घसरते आणि मार्कमधील बहुतेक प्रसंग तुम्ही लहानपणापासून रविवार शाळेत ऐकलेले आहेत. त्यानंतर वहीच्या डाव्या पानावर त्यातील पाच-सात वचने हाताने उतरून काढा. बायबलमधील अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १७ व्या अध्यायात इस्राएलाच्या राजाला आज्ञा आहे की त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि आयुष्यभर ती वाचावी. ज्याच्याकडे लिहिणारे सेवक होते त्याच्यासाठी ही आज्ञा आहे. हाताने लिहिताना वेग आपोआप कमी होतो आणि एरवी नजरेतून सुटलेला शब्द थांबायला लावतो.

उजव्या पानावर प्रथम येशूविषयी लिहा: तो येथे काय पाहतो, कोणाला थांबवतो, कशाने कळवळतो किंवा रागावतो. मला यातून काय मिळाले, हा प्रश्न त्यानंतरचा आहे. हा क्रम उलटला की प्रत्येक उतारा आपल्याच त्या दिवसाच्या चिंतेचे रूप घेतो, आणि मग मार्क वाचला काय किंवा यशया वाचला काय, आपल्याला आपलेच विचार परत मिळतात. पुढे त्या उताऱ्यातील शब्द घेऊनच प्रार्थना करा. बार्तिमयाची हाक, आजारी मुलाला घेऊन आलेल्या बापाची 'माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका' ही ९ व्या अध्यायातील विनंती, वादळात शिष्यांनी विचारलेला प्रश्न, हे सर्व प्रार्थनेचे तयार शब्द आहेत. बाराव्या शतकात गिगो दुसरे या कार्थुसियन मठाधिपतींनी वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणे असे चार टप्पे सांगितले आहेत. आपल्याकडील काही इव्हँजेलिकल मंडळींना मठातील पद्धत म्हणून तिच्याविषयी संकोच वाटतो, पण शास्त्र वाचून त्यावर विचार करावा आणि देवाशी बोलावे यात संकोच करण्यासारखे काही मला आढळलेले नाही. फक्त चौथ्या टप्प्याला घाई करू नका. शेवटची पाच मिनिटे काहीही न मागता बसणे हे सर्वांत अवघड असते.

दिवसभरासाठी काही करायचे निघाले तर ते एका ओळीत लिहा. प्रत्येक उताऱ्यातून कृती निघालीच पाहिजे असे नाही. काही उतारे केवळ देवाकडे पाहण्यासाठी आहेत आणि त्यांतून ओढूनताणून काढलेला उपदेश दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही.

आईविषयी तुम्ही लिहिलेले वाचून मला आनंद झाला. तिला वाचता येत नाही म्हणून तिचे शास्त्राचे ज्ञान कमी आहे, असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या मंडळ्यांमध्ये बहुतेकांनी पौलाची पत्रे ऐकलीच होती; कलस्सै येथील मंडळीला तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचले जाईल असे करा, आणि प्रकटीकरणाच्या आरंभी वाचून दाखवणाऱ्याला व ऐकणाऱ्यांना दोघांनाही धन्य म्हटले आहे. नवापूरकडच्या मंडळ्यांतील अनेक वडीलधाऱ्या स्त्रियांना मी पाहिले आहे. त्या रविवारच्या उपदेशातील एक गोष्ट आठवडाभर मनात ठेवतात, निंदणी करताना भजन गुणगुणतात आणि रात्री नावे घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. त्यांच्याकडे मजकूर थोडा असतो, पण जो असतो तो रोज वापरात असतो. नारायण वामन टिळक यांनी अभंग आणि भजनांच्या चालीत ख्रिस्ती गीते रचली, त्याचा मोठा लाभ अशा भक्तांना झाला; टिळक १९१९ साली वारले, तरी त्यांची गीते आजही मराठी मंडळ्यांत पुस्तक न उघडता म्हटली जातात. पंडिता रमाबाईंनी केडगावला राहून आयुष्याची शेवटची वर्षे संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली, तीही साध्यासुध्या स्त्रियांना ते समजावे याच तळमळीने.

म्हणून शनिवारी गावी गेल्यावर आठवड्यातील एक प्रसंग आईला मावचीत सांगा. वाचून दाखवू नका, सांगा. जो प्रसंग आपल्याला घरच्या बोलीत, पुस्तकाकडे न पाहता सांगता येत नाही तो आपण अजून वाचलेला नाही, असे मी माझ्या वर्गातील सर्वांना सांगतो. साक्री-पिंपळनेरकडचे लोक तो अहिराणीत सांगतात आणि सांगताना कोणता भाग गाळला गेला हे त्यांचे त्यांनाच कळते. मग आईला काय वाटले ते विचारा आणि तिचे बोलणे वहीत लिहून ठेवा. बार्तिमयाची गोष्ट अशीच सांगितली असता एका वृद्ध स्त्रीने म्हटले होते की जी माणसे त्याला गप्प बस म्हणत होती तीच नंतर धीर धर, तो तुला बोलावतो म्हणू लागली. येशू थांबला म्हणून गर्दीचे बोलणे बदलले. १० व्या अध्यायातील ४८ आणि ४९ ही वचने शेजारी ठेवून वाचा, तिचे निरीक्षण अचूक आहे.

आता मननाच्या पुस्तकांविषयी, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. मी कोणत्याही एका पुस्तिकेचे नाव सांगत नाही, कारण एकाला जी उपयोगी पडते ती दुसऱ्याला पडत नाही, पण निवड कशी करावी हे सांगतो. दिलेला उतारा किमान दहा-बारा वचनांचा आहे का, की एकच ओळ देऊन पुढचे सर्व लेखकाच्या अनुभवाने भरले आहे, हे प्रथम पाहा. महिन्याभराचा मजकूर चाळून बघा की त्यात पापकबुली, दुःख, क्षमा, गरिबांशी न्याय हे विषय येतात का, की रोज केवळ यश आणि आशीर्वाद यांचेच आश्वासन आहे. अर्पण पाठवा म्हणजे आजार जाईल किंवा कर्ज फिटेल असे सुचवणारे काहीही घरात ठेवू नका, मग त्यावर कितीही वचने छापलेली असोत. परदेशी पुस्तिकांची भाषांतरे वाईट नसतात, पण त्यांतील उदाहरणे आपल्या जगण्यापासून दूर असतात आणि वाचकाला आपला विश्वासही दूरच्या कोणाचा तरी आहे असे नकळत वाटू लागते. म्हणून मूळ मराठीत लिहिलेले मिळाले तर ते आधी घ्या. पाळकांना किंवा मंडळीतील वडिलांना ती पुस्तिका एकदा दाखवा. आणि हाती कोणतीही असो, उतारा आधी आणि टिपण नंतर हा क्रम मोडू नका. लेखकाला जे दिसले ते तुम्हांला आधीच दिसलेले असेल तर आनंद होतो, वेगळे दिसलेले असेल तर शिकायला मिळते, आणि दोन्ही वेळा ते लक्षात राहते.

काही दिवस कोरडे जातील, त्याची तयारी आत्ताच ठेवा. परीक्षांचे दिवस, एप्रिल-मेमधील उकाड्याच्या रात्री, घरातील आजारपण यांत वाचन चुकेल. चुकलेले दिवस भरून काढण्यासाठी दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. जेथे थांबला होता तेथून पुढे चला. वाचूनही काही वाटत नसेल तर स्तोत्रांकडे या, आणि विशेषतः १३ व्या आणि ८८ व्या स्तोत्राकडे. ८८ वे स्तोत्र अंधाराच्या उल्लेखावरच संपते, शेवटी समाधानाची एक ओळही त्यात नाही, तरी ते देवाला उद्देशून म्हटलेले आहे आणि मंडळीने ते शास्त्रात जपून ठेवले आहे. तुमची कोरडी प्रार्थनाही त्याच प्रकारची प्रार्थना आहे. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, मन आठवड्यामागून आठवडे उदास आहे, असे असेल तर मात्र ते केवळ आत्मिक दुर्बलतेचे लक्षण मानू नका; प्रार्थना चालू ठेवा आणि डॉक्टरांनाही भेटा.

वाढ कशी ओळखावी हे भावनेवरून ठरवता येत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कापसाचे मोठे नुकसान केले, त्यानंतरच्या हिवाळ्यात शिंदखेडा तालुक्यातील काही शेतकरी कुटुंबांबरोबर मी हबक्कूक या संदेष्ट्याचे पुस्तक वाचले. त्या पुस्तकाच्या अखेरीस अंजिराला फूल आले नाही, शेतात पीक आले नाही, गोठ्यात गुरे राहिली नाहीत तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन, असे शब्द आहेत आणि ते अनेकांना पाठ असतात. आम्ही ते शब्द पहिल्या दिवशी वाचले नाहीत. पहिल्या अध्यायात संदेष्टा देवाला विचारतो की मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस. तेथे आम्ही पुष्कळ दिवस थांबलो, कारण त्या घरांतील लोकांचा प्रश्न तोच होता आणि तो देवाला विचारता येतो हेच त्यांना ठाऊक नव्हते. तिसऱ्या अध्यायापर्यंत पोहोचल्यावर सर्वांना हर्ष झाला असे मी म्हणणार नाही. पण एका घराने त्या वर्षी भावाशी असलेला बांधाचा वाद मिटवला, आणि ज्या गृहस्थांनी उपासनेला येणे सोडले होते ते पुन्हा येऊ लागले. गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन यांची नावे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेक दुसऱ्या माणसाशी वागतानाच दिसून येतात. म्हणून वाढ झाली का हे तुमच्या वर्गातील मुलांना आणि तुमच्या सहशिक्षिकांना तुमच्याआधी कळेल.

मार्क संपल्यावर लगेच दुसरे पुस्तक घेऊ नका. एखाद्या रविवारी दुपारी, उपासनेहून आल्यावर, वही बंद ठेवून पहिल्या अध्यायापासून शेवटपर्यंत एका बैठकीत मोठ्याने वाचून काढा. त्याला दीड-दोन तास लागतात, आणि आई ऐकायला बसली तर फारच चांगले. महिनोन्महिने तुकड्यातुकड्यांनी वाचलेले सर्व प्रसंग त्या वेळी एकमेकांना जोडले जातात. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र घ्या. ते चार अध्यायांचे आहे, पौलाने ते तुरुंगातून लिहिले आहे, आणि मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करण्यास समर्थ आहे, हे वचन त्यातच आहे. ते वाचताना त्याच्या आधीची दोन वचनेही वहीत उतरवा. पौल तेथे तृप्त असणे आणि भुकेले असणे, दोन्ही शिकलो आहे असे म्हणतो. फिलिप्पै संपल्यानंतर रूथ घ्या आणि रूथबरोबर लेवीयचा १९ वा अध्याय. मार्कच्या ४ थ्या अध्यायापर्यंत पोहोचल्यावर काही अडले तर अवश्य विचारा. पेरणाऱ्याच्या दाखल्यानंतर येशूने दाखल्यांत बोलण्याचे जे कारण सांगितले आहे, तेथे बहुतेक वाचक अडतात.